अकरा घरांची काहील

मी एक काहील. तांब्याची, चार कड्यांची, साठ माणसांची आमटी सहज शिजेल एवढ्या पोटाची, आणि सध्या पालथी. पालथ्या भांड्यातला आवाज घुमतो, तेव्हा जरा जवळ येऊन बसा. कोंबडीकडे लक्ष देऊ नका. ती माझ्याखाली अंडी घालते आणि तिला माझ्या गोष्टीत काही रस नाही.

पारनेरपासून तीन कोसांवर कुसळाचा एक माळ आहे. त्या माळावर आमची वस्ती. कागदावर तिचं नाव 'समभाव वस्ती', पण आसपासच्या गावांत ते कोणी घेत नसे. सगळे म्हणत, एकचुल्यांची वस्ती. म्हणताना हसत. आम्हाला त्याचा राग नव्हता, कारण खरंच आमच्याकडे घरं अकरा होती आणि चूल एक होती. आणि ती चूल म्हणजे मीच, अशी माझी समजूत होती. गर्व म्हणा हवं तर.

ही सगळी खटपट रंगनाथची. रंगनाथ लष्करात लंगरी होता, म्हणजे स्वयंपाकी. वीस वर्षं त्याने एका भांड्यातून पलटणीला वाढलं. ताट पुढे करणाऱ्याला कोणी जात विचारली नाही. मग पेन्शन घेऊन तो घरी आला, आणि पहिल्याच जत्रेच्या जेवणावळीत त्याला भीमा दिसला. भीमा त्याचा लहानपणचा जोडीदार, बौद्ध. तो लांब भिंतीकडेला बसला होता, सगळ्यांचं उरकायची वाट बघत. रंगनाथ आपलं ताट घेऊन उठला आणि त्याच्याजवळ जाऊन जेवला. त्यावरून गावात जे व्हायचं ते बोलणं झालं. पण रंगनाथच्या डोक्यात एक गोष्ट बसली ती बसलीच. माणसं वेगळी होतात ती चुलीपाशी. चूल एक केली की बाकीचं आपोआप होईल.

'आपोआप' हा शब्द किती फसवा आहे हे मला आता कळतं. तेव्हा तो अकरा घरांना पटला. कोंडीरामने आपली माळाची जमीन सगळ्यांत घातली, ती सर्वांत जास्त होती. त्याची आई साळूबाई कुरकुरत का होईना, मागोमाग आली. भीमा आणि त्याची बायको आली. आणि रतनबाई आली, एकटीच. तिचा नवरा रस्त्याच्या कामावर दगावला होता, मूलबाळ नव्हतं. ती बौद्ध. तिचा भाऊ नगरला नागापूरच्या कारखान्यात लागला होता आणि तो तिला तिकडे बोलावत होता. ती म्हणाली, "तिकडं पोटाचं हुईल. पन इथं म्या सगळ्यांच्या पंगतीत बसनार हाय. ते बघायचंय मला." भावाने तिच्याशी बोलणं टाकलं.

सदुसष्ट सालच्या दिवाळीआधी रंगनाथने प्रत्येक घराकडून तांब्याचं एक भांडं मागितलं. कोणी हंडा दिला, कोणी घंगाळ, कोणी परात. साळूबाईने लग्नातली कळशी दिली आणि दोन दिवस त्या कळशीसाठी रडली. रतनबाईकडे तांब्याचं एकच भांडं होतं, एक लहानसा गडू. छप्पन साली तिच्या आईबापांनी धर्म बदलला, त्या वर्षी आईने मजुरीतून तो घेतला होता. त्यांच्या घरातलं ते पहिलं तांब्याचं भांडं. तिने तो फडक्यात बांधून आणला आणि बाकीच्यांच्या ढिगावर ठेवला. हंड्याशेजारी तो कुठल्या कुठे दिसेना.

नगरचा तांबट म्हणाला, "मोड ठिवा आन तयार काहील घेऊन जावा. कशाला थांबता?"

"न्हाई," रंगनाथ म्हणाला. "आमचंच तांबं पायजे."

"एकदा मुशीत गेलं की कुनाचं कंचं ते मला इचारू नका."

"त्याच्यासाठीच तर आलोय," रंगनाथ म्हणाला.

तो तांबट खूप हसला. पण त्याने मला मन लावून घडवलं. वितळवलं, पत्रे ठोकले, जोडले, काठ वळवला, कड्या बसवल्या. माझ्या अंगावरचे त्याचे ठोके अजून मोजता येतील. बैलगाडीत घालून मला माळावर आणलं तेव्हा अकरा घरं वाटेवर उभी होती. त्या दिवशी गुळाची लापशी शिजली. भीमाला पहिलं वाढलं.

आमच्याकडची एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. वस्तीत पुढारी नव्हता. कोणतीही गोष्ट ठरवायची तर सगळी मोठी माणसं माझ्याभोवती उभी राहत. ज्याला पटलं त्याने माझ्या काठावर हात ठेवायचा. सत्तावीस मोठी माणसं, सत्तावीस हात. एक जरी हात बाजूला राहिला तरी ती गोष्ट तशीच थांबायची. बळजबरी नाही, मतमोजणी नाही. चहा दिवसातून एकदा की दोनदा, यावर साळूबाईने सतरा दिवस हात ठेवला नव्हता. शेवटी दोनदा ठरला आणि सगळ्यांनी निःश्वास टाकला.

हात कसा ठेवला जातो हे मला आतून कळायचं. कोणाचा हात ठाम, कोणाचा नुसता टेकवलेला, कोणाचा दुसऱ्याकडे बघून. पण ते मी कोणाला सांगणार?

बाकी दिवस कामाचे. दर सोमवारी खापराच्या तुकड्यांवर कामांच्या खुणा काढून ते मडक्यात टाकत आणि ज्याच्या हाताला जे येईल ते काम त्याचं आठ दिवस. आमटीची खूण, शेणगोठ्याची, विहिरीची, गुरांची, झाडलोटीची. कोंडीरामच्या हाताला शेणगोठा आला तर त्याने शेणात हात घालायचा. भीमाच्या हाताला स्वयंपाक आला तर त्याने फोडणी घालायची. रंगनाथने सगळ्यांना शिकवलं. साठ माणसांचं मीठ तो डोळे मिटून घालायचा. दुपारी आणि दिवस मावळायच्या आत, असं दोन वेळा तो डावाने माझ्या काठावर ठणठण वाजवायचा आणि लष्करी आवाजात ओरडायचा, "लंगर तय्यार!" मग शेतातून माणसं यायची आणि जागा मिळेल तिथे बसायची. माझ्यासमोर पंगतीला वरचं टोक नव्हतं आणि खालचंही नव्हतं.

पहिले पाच महिने साळूबाई आपली भाकर आपण थापायची आणि माझ्यातली आमटी फक्त आपल्या लेकाची पाळी असेल तेव्हाच घ्यायची. कोणी काही बोललं नाही. मग एकदा तिला ताप भरला. पाळी रतनबाईची होती. रतनबाईने आमटीत भाकर कुस्करून वाटी तिच्यापुढे धरली आणि म्हणाली, "खायचं तर खा, न्हाई तर मी सतरा दिस हितंच बसते." साळूबाईला हसू आलं. तिने खाल्लं. बरी झाल्यावर ती दर सोमवारी सगळ्यांच्या आधी माझ्याजवळ येऊन विचारायची, "आज पाळी कुनाची गं?" रतनबाईची असली की एक भाकर जास्त खायची. पुढे तिचे हात कापायला लागले, तेव्हा तिची भाकर रोज रतनबाईच थापून द्यायला लागली, पाळी असो नसो.

रतनबाई मला घासायची तेव्हा सांगायची, "काहिले, गावात आमी पान्याला जायचो तवा कुनीतरी वरनं वतायचं. हितं मी सोता पवरा टाकते." हे तिने मला शंभरदा सांगितलं असेल. दर वेळी तिला ते नवंच वाटायचं.

आता चूक सांगते. चूक आनंदाच्या भरात झाली.

अडुसष्ट साली वस्तीला रेशनकार्ड काढायचं होतं. कारकुनाने विचारलं, कुटुंबं किती? रंगनाथ म्हणाला, एक. कारकून म्हणाला, अहो, चोपन्न माणसं आहेत. रंगनाथ म्हणाला, चूल एक म्हणजे कुटुंब एक, हा तुमचाच नियम. कारकून बिचारा हुज्जत घालून दमला. कुटुंबप्रमुख म्हणून वयाने मोठी साळूबाई, आणि खाली त्रेपन्न नावं, पानाला पान जोडून. रतनबाईचं नाव साळूबाईच्या बरोबर खाली आलं. ते कार्ड रंगनाथने आणलं तेव्हा सगळ्यांनी ते हातोहात फिरवलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही वाचल्यासारखं केलं. रतनबाईने आपलं नाव कुठे आहे ते विचारून त्यावर बोट ठेवलं. त्या दिवशी माझ्यात शिरा झाला. सरकारच्या कागदावर आपण एक घर झालो, म्हणून.

मग पाऊस गेला. सत्तर साली कमी, एकाहत्तर साली त्याहून कमी, आणि बाहत्तर साली आलाच नाही. विहीर तळाला गेली. धान्याचं पेव रिकामं झालं. माणसं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायला लागली. माझ्यात आमटीऐवजी कण्या शिजायच्या, मग पातळ कण्या, मग कण्यांचं पाणी. पण सगळ्यांना सारखं. साळूबाई आणि भीमा एकाच पातळ पाण्याकडे बघायचे. भुकेची मला भीती वाटली नाही, खरं सांगते. उपाशी पंगत मी पाहिली आहे. ती मोडत नाही.

त्या वर्षी रेशनवर लाल मिलो आला. परदेशचं धान्य, जनावरांना घालतात तसलं, पण धान्य. रंगनाथ कार्ड घेऊन गेला आणि अर्ध्या पोत्यावर परत आला. एका कार्डावर बारा माणसांपेक्षा जास्तीचं उचलता येत नव्हतं. कारकून तोच होता. माणूस वाईट नव्हता. त्यानेच वाट सांगितली. चुली वेगळ्या दाखवा, मी येऊन पाहतो, अकरा कार्डं करून देतो. फक्त चुली खऱ्या पाहिजेत, काल मांडलेल्या नकोत. माझ्याही वर साहेब आहे.

सगळे माझ्याभोवती उभे राहिले.

"कागदापुरतं हाय," रंगनाथ म्हणाला. "आठ-पंधरा दिस. कार्डं आली की पुन्ना लंगर."

हात आले. पोरांच्या पोटासाठी आले, पटापट आले. सव्वीस झाले. रतनबाईचा आला नाही.

"पुन्ना एक करायची ना?" तिने विचारलं.

"शब्द," रंगनाथ म्हणाला.

"तुमचा न्हाई. सगळ्यांचा."

साळूबाई म्हणाली, "अगं ठिव की हात. मला काय तुझ्याबिगर भाकर मिळनार हाय व्हय?"

रतनबाईने हात ठेवला. तो थंड होता.

अकरा चुली मांडल्या गेल्या. जुन्या दिसाव्यात म्हणून गोवऱ्या जाळून त्यांना काजळी धरवली. मला चार जणांनी कड्यांत वासा घालून उचललं आणि गोठ्याच्या भिंतीलगत पालथं घातलं, वर कडबा टाकला. कारकुनाने एवढी मोठी काहील पाहिली तर सगळं उघडं पडेल, म्हणून. साळूबाईची चूल त्याच भिंतीच्या पलीकडे होती. म्हणून मला ऐकू आलं. नसतं आलं तर बरं झालं असतं.

कारकून आठ दिवसांनी येणार होता, तो वीस दिवसांनी आला. वीस दिवस अकरा घरांतून अकरा धूर निघाले. मी कडब्याखाली पडून वास ओळखायचे. कोंडीरामच्या घरी लसूण होता. भीमाच्या घरी नव्हता. हे असं पूर्वी कधी कळायचं कारणच नव्हतं.

तो आला तेव्हा रतनबाई साळूबाईच्या चुलीपुढे बसून भाकर थापत होती. सवयीने. सकाळी साळूबाईनेच हाक मारली होती. कारकून दारात उभा राहिला.

"या कोण? घरातल्याच का?"

 रतनबाईच्या हातातली भाकर थापायची थांबली, ते मला भिंतीतून कळलं. आता 'व्हय' म्हणावं तर दोन घरं एका चुलीवर, म्हणजे कार्ड गेलं. रतनबाईलाही ते कळत होतं. साळूबाईने एवढंच म्हणायचं होतं, की ही शेजारीण आहे, हाताखाली आली आहे. पण घाईत माणसाच्या तोंडी जे सगळ्यात जुनं असतं ते येतं.

"न्हाई सायेब," साळूबाई म्हणाली. "ती आमच्यातली न्हाई. ती बौद्धवाड्यातली हाय."

आमच्या वस्तीत बौद्धवाडा नव्हता. पाच वर्षं नव्हता. रतनबाईचं आणि भीमाचं घर शेजारी होतं, एवढंच. कारकुनाने मान डोलावली, कागदावर काहीतरी लिहिलं, आणि विचारलं, "कुठे आला तो?" कोंडीरामने हात करून दाखवला असावा, कारण पावलं तिकडे गेली.

रतनबाईने तव्यावरची भाकर उलटली, भाजली, साळूबाईपुढे ठेवली आणि ती हात धुऊन निघून गेली. साळूबाई मागून म्हणाली, "कागदापुरतं गं."  दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाईने हाक मारली नाही. तिला लाज वाटत होती. रतनबाईही आली नाही. तिला वाटत होतं, हाक यावी. असे तीन दिवस गेले आणि मग दोघींनाही त्याची सवय झाली. साळूबाईच्या कापऱ्या हातांच्या जाड, कच्च्या भाकरींचा वास मला यायचा. मला सगळ्यात जास्त दुःख कशाचं झालं विचाराल तर त्या कच्च्या भाकरींचं.

कार्डं आली, अकरा. मिलो आला. आता मला सुलटं करतील, म्हणून मी रोज वाट पाहायचे. रंगनाथ घरोघर फिरून म्हणायचा, आणा रे धान्य एकत्र. जो तो म्हणायचा, आणू की. या खेपेला थोडंच मिळालंय. या खेपेला पाव्हणे आलेत. या खेपेला आमची चार माणसं खडीवर आहेत, त्यांची भूक जास्त. आणि मग सगळ्यांना एक चांगलं कारण सापडलं. काहिलीला कल्हई कुठाय?

ते खरं होतं. माझी कल्हई उडाली होती, आत लाल तांबं दिसत होतं. दरवर्षी दिवाळीला आणि चैत्रात कल्हईवाला यायचा, भाता मांडायचा, कथील आणि नवसागर फिरवून मला आरशासारखी करायचा. दुष्काळात तो फिरकलाच नाही.

तरी रंगनाथने एक दिवस जमवलं. त्र्याहत्तरच्या माघात, एका दुपारी. सगळ्यांनी ओंजळ ओंजळ मिलो आणला, कोणी थोडी डाळ आणली. खापराच्या तुकड्यांचं मडकं पुन्हा काढलं, आणि आमटीची खूण रतनबाईच्या हाताला आली. बऱ्याच दिवसांनी तिने मला घासलं. घासताना ती काही बोलली नाही, पण हात हलका होता. तिने सगळ्यांना बजावलं, "कल्हई न्हाई. आंबट काय घालायचं न्हाई, चिंच न्हाई, ताक न्हाई. कळकंल."

ती भाकरी करायला बसली. साळूबाई माझ्याजवळ आली. रतनबाईने बजावलं तेव्हा ती तिथे नव्हती. ओशाळलेली होती, काहीतरी गोड करायला बघत होती. मिलोच्या भाकरीला चव नाही, घशाखाली उतरत नाही, रतनची आमटी म्हणजे आंबटगोड पाहिजे, तिने तर चिंचेची आठवण ठेवायची, विसरली असेल बिचारी, असं पुटपुटत तिने कनवटीची चिंच काढली आणि डावाने आमटी ढवळणाऱ्या नातीला म्हणाली, "टाक. सांगू नगं. तिला आवडंल."

मी काय करू शकत होते? मी काहील आहे. तांब्याला आंबट लागलं की तांबं सुटतं. माझ्या अंगातून ते विष आमटीत उतरताना मला कळत होतं, आणि त्यात साळूबाईची कळशी होती, कोंडीरामचा हंडा होता आणि रतनबाईच्या आईचा गडूही होता.

पंगत बसली. शेवटची. तासाभरात पोरं ओकायला लागली, मग मोठी माणसं. कोणी मेलं नाही, तेवढं नशीब. पण घरोघर माणसं आडवी झाली, आणि दुसऱ्या दिवशी जो तो विचारू लागला, पाळी कोणाची होती?

कोणी कल्हईचं नाव काढलं नाही. भीमा एकटा म्हणत होता, कळकली असंल, तांबं हाय. कोंडीरामच्या बायकोने हळूच म्हटलं, "मी पयलंच म्हनले हुते." काय म्हटलं होतं ते तिने सांगितलं नाही, सांगायची गरज पडली नाही. सगळे माझ्यासमोरच उभे होते. साळूबाईही होती. रतनबाईने तिच्याकडे पाहिलं, कारण तिने माझ्या तळाशी चिंचोका पाहिला होता, आणि वस्तीत चिंच कोणाच्या कनवटीला असते हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिने बोट दाखवलं नाही. ती नुसती थांबली, साळूबाई बोलेल म्हणून.

साळूबाई बोलली नाही. तिने पदर तोंडाला लावला. ती वाईट बाई नाही. आपण नातवंडांना विष घातलं हे चारचौघांत तिच्याने म्हणवेना. आणि तिच्या न बोलण्याने ते कोणाच्या माथी जातंय, हे तिला त्या घटकेला कळलं नसेल. पुढे कळलं.

मला पुन्हा पालथं घातलं. आता कडबा टाकायची गरज नव्हती.

रंगनाथ त्यानंतर फारसा कोणाशी बोलेना. आपल्या चुलीवर एकट्याचं शिजवायचा आणि टाकून द्यायचा. साठ माणसांचं मीठ ज्याच्या हातात होतं त्याला एकट्याचं मीठ जमेना. त्याचं सगळं खारट व्हायचं.

यंदा पाऊस झाला. चांगला झाला. विहिरीला पाणी आलं, माळावर कुसळ उगवलं, बाजरी कमरेएवढी झाली. मला वाटलं, दुष्काळानेच केलं होतं ना सगळं, आता दुष्काळ गेला. पण अकरा धूर तसेच निघत राहिले. बाजरीतही बांध पडले. विहिरीवर रतनबाई आणि भीमाची बायको जरा उशिरा जाऊ लागल्या, बाकीच्यांचं झाल्यावर. त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं. न सांगताच झालं ते. आपोआप.

भादव्यात कोंडीरामने सगळ्यांना जमवलं. घराघरात भांडी नव्हती, सगळ्यांनी आपलं तांबं माझ्यात घातलं होतं. पाणी भरायला मडकी किती दिवस पुरणार? तो म्हणाला, "हिला तोडू. अकरा सारखे भाग करू. ज्याला त्याला एक हंडा हुईल."

आणि काय सांगू, हात आले. तीन वर्षांत आले नव्हते इतके चटकन आले, माझ्या पालथ्या बुडावर. रंगनाथने ठेवला, डोळे मिटून. भीमाने ठेवला. साळूबाईनेही ठेवला. सव्वीस झाले. एवढ्या दिवसांनी ती सगळी माणसं पुन्हा माझ्याभोवती खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि त्यांचे हात उबदार होते. मला त्या उबेचा मोह झाला, हेही कबूल करते.

रतनबाई बाजूला उभी होती. तिच्या काखेत गाठोडं होतं.

"म्या चुली येगळ्या करायला हात ठिवला, ती माजी चूक झाली," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा न्हाई ठिवनार."

"मंग तुझा गडू तुला नगं का?" कोंडीरामने विचारलं. तो चिडून बोलला नाही, खरंच विचारत होता.

 तिने साळूबाईकडे एकदा पाहिलं, थोडा वेळ पाहिलं, आणि ती एस.टी.च्या रस्त्याला लागली. भाऊ नागापूरला आहे. सहा वर्षं ज्याने बोलणं टाकलं होतं, त्याच्या दारात ती गेली असेल. कशी गेली असेल, देव जाणे.

मला वाटलं, आता तोडतील. पण नाही तोडत. सत्ताविसावा हात नाही ना. एकत्र चूल मोडली, पंगत मोडली, जमीन वाटली, विहीर वाटली. पण सगळ्यांचा हात असल्याशिवाय काहिलीला घण लावायचा नाही, हा एक नियम मात्र अजून पाळतात. त्या एका नियमाने आपण अजून तीच माणसं आहोत असं त्यांना वाटत असेल. म्हणून मी अशी आहे. शिजवायला नाही आणि तोडायलाही नाही. काठाखाली एक दगड दिला आहे, त्या फटीतून कोंबड्या आतबाहेर करतात.

साळूबाई मात्र येते. दुपारची, काठी टेकत. तिला आता सगळं नीट आठवत नाही. माझ्या बुडावर हात ठेवते आणि विचारते, "रतन, आज पाळी कुनाची गं?" मग थोड्या वेळाने तिला आठवतं. परवा ती खूप वेळ बसली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "चिंच मी टाकाया लावली हुती. रतननं न्हाई." दोनदा म्हणाली. सांगायला हवं होतं तेव्हा सगळी वस्ती समोर होती. आता ऐकायला मी होते आणि कोंबडी होती.

तुम्ही ऐकलंत, म्हणून एक काम सांगते. कधी नागापूरला गेलात, तर कारखान्यांच्या बाजूला रतनबाई म्हणून विचारा. पारनेरकडची, एकचुल्यांच्या वस्तीवरची. तिला सांगा, साळूबाई कबूल झाली. आणि सांगा, एकदा येऊन हात ठेवून जा. मला हे असं पडून राहणं सोसत नाही. घण बसू दे. तुझ्या आईचा गडू तरी तुला परत मिळू दे.

एवढंच सांगा. पुढचं सांगू नका. रोज दुपारी, ऊन अंगावर आलं की मी तो गडू स्वतःत शोधते. काठात बघते, बुडात बघते, चारी कड्यांपाशी बघते. तांबट खरं बोलला होता. मला तो वेगळा काढता येत नाही.